उपनिरीक्षकपदाची परीक्षा : धुळ्यातल्या प्रश्नसंचाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार. देवपूर, धुळे

सरांच्या ओट्यावर बसून आज कामाची आखणी केली. हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक ज्या परीक्षेतून उपनिरीक्षक होतात, तिच्यासाठी एक नमुना प्रश्नसंच तयार करायचा. त्याचे गुणदान कसे करायचे तेही लिहून काढायचे आणि जो मागेल त्याला ते सगळे द्यायचे. सरांनी अध्यापक महाविद्यालयात मूल्यमापन शिकवले आहे, मी निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्या मागे कुठले कार्यालय नाही. उपनिरीक्षकपदाकडे सरळसेवा, विभागीय परीक्षा आणि ज्येष्ठता अशा वाटा जातात. कोणत्या वाटेला किती जागा असाव्यात यात आम्ही शिरत नाही. परीक्षा घ्यायचीच असेल तर ती कशी असावी, एवढाच विषय.

सरांनी विचारले, "परीक्षा न्याय्य नसते म्हणता, ते नेमके कशावरून?" मी माझीच हकीकत सांगितली. मी दूरक्षेत्रावर, म्हणजे ठाण्यापासून लांबच्या पोलीस चौकीवर होतो. परीक्षेचे पत्र माझ्या हाती पडले तेव्हा नऊ दिवस उरले होते, त्यातले चार यात्रेच्या बंदोबस्तात गेले. माझ्याच तुकडीचा मित्र कार्यालयात टेबलावर होता. त्याला दीड महिना आधी कळले होते. तो पास झाला, मी नाही. मित्राचा त्यात काही दोष नाही, तो चांगला अधिकारी झाला. पण त्या निकालात आमचे पोलिसी काम किती मोजले गेले आणि मोकळा वेळ किती, हे मला आजही सांगता येत नाही.

सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले : नोटीस कधी पोचली?

१५ जून

प्रश्न काढायच्या आधी काम पाहायचे, असा सरांचा आग्रह. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या ओळखीच्या उपनिरीक्षकांना विनंती केली की आठवडाभर रोज रात्री चार ओळी लिहा : आज काय केले, कुठे अडलात, कोणाला विचारले.

चौदा जणांनी लिहून पाठवले. वाचताना एक गोष्ट ठसठशीत दिसली. कलमाचा आकडा आठवला नाही म्हणून अडलो, असे एकानेही लिहिलेले नाही. पुस्तक टेबलावर असते, मोबाइलमध्येही असते. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. दोन घटना एकाच वेळी आल्या आणि गाडी एक. पंच मिळेनात. ज्येष्ठ हवालदाराने केलेला पंचनामा चुकला होता आणि तो त्याला सांगायचा कसा, हे कळेना. फिर्यादी अहिराणीत बोलतो आणि फिर्याद लिहिणारा बाहेरच्या जिल्ह्यातला. शिरपूरच्या बाजूच्या एकाने लिहिले आहे, "हद्दीचा वाद सोडवता सोडवता फिर्यादी निघून गेला, मला रात्रभर झोप आली नाही." हे वाक्य मी दोनदा वाचले. एक प्रश्न यावरच काढायचा.

२९ जून

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, त्याला आता वर्ष होईल. बावीस वर्षे नोकरी झालेल्या हवालदाराच्या तोंडात अजून ३०२ आहे, खुनाचे कलम आता १०३ झाले. आणि ३०२ विसरूनही चालत नाही, कारण १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंडविधान लागतो. म्हणजे या पिढीला दोन्ही संहिता सांभाळाव्या लागतात. अशा काळात कलमांच्या आकड्यांवर परीक्षा बेतली तर पाठांतराला वेळ मिळालेला माणूस सहज पुढे जाणार.

तरीही पहिला मसुदा मी नेहमीच्याच पद्धतीने काढला, शंभर प्रश्न, एक तास. सर म्हणाले, असू द्या, आधी जुन्या पद्धतीचे माप घेऊ.

१३ जुलै. पहिली चाचणी

अभ्यासिकेत ३१ जण आले. साप्ताहिक सुट्टी जुळवून, काही रात्रपाळी करून थेट. आम्ही प्रत्येकाकडून एकच माहिती लिहून घेतली, गेली दोन वर्षे नेमणूक कुठे. रायटर, बारनिशी (टपालाची आवक-जावक), मुद्देमाल, कार्यालय असे टेबलाचे ११. बीट, दूरक्षेत्र, गस्त, बंदोबस्त असे बाहेरचे २०. उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक, नाव नाही.

धडगावकडचे दादा पहाटेच्या गाडीने निघाले होते तरी वीस मिनिटे उशिरा पोचले. चोपड्याची ताई लेकराला घेऊन आली होती, ते बाहेर सरांच्या नातीबरोबर खेळले. पुढच्या खेपेला शहाद्यातही एक केंद्र ठेवायचे आणि वेळ साडेअकराची करायची.

१६ जुलै

तीन रात्री आकडेमोड केली. निम्मे गुण म्हणजे पास धरले होते. टेबलाच्या ११ पैकी ९ पास. बाहेरच्या २० पैकी ८.

अमेरिकेत नोकरीच्या निवडपद्धतींसाठी १९७८ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत चार-पंचमांशाचा एक ढोबळ नियम आहे. सर्वाधिक निवड होणाऱ्या गटाच्या प्रमाणाशी दुसऱ्या गटाचे प्रमाण ताडायचे. ते ८० टक्क्यांच्या खाली गेले तर पद्धत तपासायला घ्यायची. तो नियम वंश आणि लिंग यांसाठी केलेला. आम्ही तो नेमणुकीला लावून पाहिला. ८२ टक्के आणि ४० टक्के, म्हणजे जेमतेम निम्मे. ३१ माणसे हा आकडा लहान आहे, दोन-चार जणांनी चित्र पालटते, हे सरांनी तीन वेळा बजावले. पण एवढी तफावत नजरेआड करता येत नाही.

मग प्रश्न एकेक करून पाहिले. सगळ्यांत जास्त गुणांचे आठ आणि सगळ्यांत कमी गुणांचे आठ असे दोन गठ्ठे केले. वरचे-खालचे २७ टक्के घ्यायची ही रीत ट्रूमन केली यांनी १९३९ साली मांडली. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त सुटतो, खालच्यांना कमी. आमच्या ४३व्या प्रश्नाचे उत्तर वरच्या आठांत तिघांचे बरोबर आले, खालच्या आठांत पाच जणांचे. ज्याला विषय कळतो तोच तिथे चुकत होता. प्रश्न असा होता : "खालीलपैकी कोणते विधान उपरोक्त तरतुदीस अपवाद नसल्याचे म्हणता येणार नाही?" हे मीच लिहिले होते. असल्या मराठीत कोणी ठाणे दैनंदिनी लिहीत नाही.

१७वा प्रश्न त्याहून शिकवणारा. "ज्येष्ठ नागरिकाच्या अटकेपूर्वी परवानगीची तरतूद कोणत्या कलमात आहे?" टेबलाचे ११ पैकी ९ बरोबर, बाहेरचे २० पैकी ५. चाचणीनंतर चहा घेताना मी बाहेरच्या तिघांना विचारले, बांधावरून भांडण झाले, आरोपी ६४ वर्षांचा, शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी, काय कराल? तिघेही तत्काळ म्हणाले, "डीवायएसपी साहेबांची परवानगी लागते ना." नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम ३५ चे पोटकलम ७ त्यांना तोंडपाठ नव्हते, पण त्यातली आज्ञा पाठ होती. परीक्षेने त्यांना शून्य दिले होते.

२० जुलै

आज दिवसभर भाषा. शंभरच्या शंभर प्रश्न मोठ्याने वाचले. जिथे वाचणारा अडखळला तिथे वाक्य मोडले. दुहेरी नकार सगळे काढले. "सदरहू", "उपरोक्त", "तद्नंतर" काढले. कायद्याचा जो शब्द रोजच्या वापरात आहे तो मात्र ठेवला. दखलपात्र, मुद्देमाल, दोषारोपपत्र यांना पर्याय शोधत बसायचे कारण नाही.

धडगावच्या दादांचा फोन आला. घरात पावरी ही सातपुड्यातली बोली, शाळेत मराठी, नोकरीत मराठी. ते म्हणाले, "साहेब, मला सगळं येत होतं, पण साठ मिनिटांत शंभर वाचून झाले नाहीत. शेवटचे बावीस तसेच राहिले." त्यांची उत्तरपत्रिका काढून पाहिली. सोडवलेल्या ७८ पैकी ५१ बरोबर. निम्म्याच्या वर एकच गुण, म्हणजे पास झाले ते काठावर. जे वाचलेच नाही त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. उपनिरीक्षकाच्या कामात झटपट ठरवावे लागते हे खरे. पण ३६ सेकंदांत एक परिच्छेद वाचायची वेळ माझ्यावर नोकरीत कधी आली नाही. नवा ठराव : ६० प्रश्न, ९० मिनिटे.

३ ऑगस्ट

कानबाईचा रविवार, आमच्या खानदेशातला श्रावणातला सण. घरी रोट आहेत, जिल्ह्यात बंदोबस्त आहे. उद्या विसर्जन. एकही जण येणार नाही आणि यावे असे म्हणूही नये. वहीत टाचण : कानबाई, पोळा, गणपती, नवरात्र आणि सारंगखेड्याची यात्रा या काळात परीक्षा ठेवायची नाही. सुट्टी नाकारली जाते ती बाहेरच्या माणसालाच.

१० ऑगस्ट

सहा जण बसलो. चार कार्यरत अधिकारी, सर, मी. दोन कामे होती.

पहिले, पुस्तक परीक्षेत द्यायचे का. वाद चांगलाच रंगला. एक जण म्हणाला, पुस्तक दिले तर परीक्षा कसली. मी त्यालाच विचारले, तू काल रिमांड रिपोर्ट लिहिलास तेव्हा पुस्तक उघडले होतेस की नाही? उघडले होते. मग आम्ही अभ्यासक्रमातल्या तरतुदींचे दोन ढीग केले. एक ढीग "डोक्यातच हवे" असा. अटकेनंतर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे. सूर्यास्तानंतर महिलेच्या अटकेवरची बंधने. अटकेची माहिती नातेवाइकाला देणे. हद्द नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावणे. इथे पुस्तक उघडायला सवड नसते, चुकले की माणसाचे स्वातंत्र्य जाते किंवा पुरावा जातो. दुसरा ढीग "शोधता यावे" असा. मुदतींचे बारकावे, शिक्षेची तरतूद, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा नमुना, जुन्या-नव्या कलमांचा मेळ. पहिला पेपर पुस्तकाविना, दुसरा मराठी संहिता हातात देऊन. पुस्तक सगळ्यांना एकच, कोरे, आम्हीच पुरवायचे. नाही तर ज्याच्याकडे खुणा केलेली महागडी प्रत त्याचे फावते.

दुसरे काम, पास किती गुणांना. निम्मे का, तर नेहमी निम्मे असतात म्हणून. विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ मधल्या लिखाणातून रूढ झालेली रीत सरांनी समजावली. काठावरचा उमेदवार डोळ्यांपुढे आणायचा, म्हणजे उद्या उपनिरीक्षक केला तर जेमतेम पण बिनधोक काम करील असा. मग प्रत्येक प्रश्नाला विचारायचे, असे शंभर जण बसले तर किती जणांना हे येईल? प्रत्येकाने स्वतंत्र आकडा लिहायचा, मग उघडून चर्चा. २४ तासांच्या प्रश्नाला पाच जणांनी ९५ लिहिले आणि एकाने ६०. त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "२४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसते." बरोबर बोलला. प्रश्नात प्रवासाचा मुद्दा मिसळला होता, म्हणून त्याचे दोन प्रश्न केले. सगळ्यांची सरासरी १०० पैकी ५४ वर आली, तीच पासची रेषा.

१७ ऑगस्ट

या संचातला माझा सगळ्यांत जिव्हाळ्याचा भाग आज बसवला. नाव ठेवले "सोमवारचे टेबल". उमेदवाराला एक पाकीट मिळते, त्यात नऊ कागद. तो पोलीस ठाण्यात हजर एकमेव उपनिरीक्षक आहे, प्रभारी अधिकारी न्यायालयीन कामासाठी बाहेर, फोनवर उपलब्ध. वेळ सकाळी आठ. हाताशी एक गाडी आणि पाच माणसे. ४५ मिनिटांत लिहायचे की कोणता कागद आधी, कोणाला काय काम, कोणाला कळवायचे, आणि का.

कागद असे. पाड्यावर विहिरीत विवाहितेचा मृतदेह, लग्नाला तीन वर्षे. काल रात्री पावणेदहाला अटक झालेला आरोपी. सोळा वर्षांची मुलगी घरी परतली नाही. हद्दीबाहेर, मध्य प्रदेशच्या वाटेवर बसमध्ये लुटलेला प्रवासी बाकावर बसून आहे. न्यायालयाचे वॉरंट. वाळूचा ट्रॅक्टर रात्रीपासून आवारात, पंचनामा अर्धा. गणेश मंडळाची बैठक अकराला. आई दवाखान्यात म्हणून हवालदाराचा रजेचा अर्ज. वरिष्ठ कार्यालयाने मागवलेली माहिती, "आजच".

पहिल्या कागदातच उमेदवाराचा कस लागतो. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना मृत्यू झाला, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि मरणोत्तर पंचनाम्याला ते स्वतः येतात. तहसीलदार साहेब सातपुड्यातल्या पाड्यावर पोचायला दुपार होणार. तोवर मृतदेहाजवळ कोण थांबणार, माहेरची माणसे आली तर त्यांच्याशी कोण बोलणार, शवविच्छेदनासाठी गाडी कधी सोडायची, हे ज्याने लिहिले त्याला काम कळते. ज्याने फक्त "कलम १९४ प्रमाणे कार्यवाही करावी" लिहिले, त्याने कलम ओळखले खरे, पण मृतदेहाजवळ अजून कोणीच नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत काम बंद.

१४ सप्टेंबर. दुसरी चाचणी

धुळे आणि शहादा मिळून २६ जण. टेबलाचे ९, बाहेरचे १७. दादा शहाद्यात वेळेआधी हजर.

१६ सप्टेंबर

पास : टेबलाचे ६, बाहेरचे १०. ६७ आणि ५९ टक्के. प्रमाण ०.८८ वर आले. यात बरेच जण दुसऱ्यांदा बसलेले, पासची रेषाही बदललेली, त्यामुळे सगळे श्रेय नव्या प्रश्नांना देता येत नाही. तरी बांधावरच्या ६४ वर्षांच्या माणसाचा प्रश्न दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच सुटला, याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळी शहाद्याच्या एका सहायक उपनिरीक्षकांची लेखी हरकत आली. प्राथमिक चौकशीचा प्रश्न. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक, उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येईल का? आमची उत्तरतालिका म्हणते, येईल. ते लिहितात, "नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांहून कमी असे आहे. फसवणुकीच्या कलमाची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. म्हणून ही तरतूद लागत नाही." पुस्तक काढले. त्यांचे बरोबर, आमचे चूक.

आता काय करायचे? प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण देऊन टाकू, असे माझ्या तोंडून निघून गेले. सर थांबले आणि म्हणाले, "ज्याने नीट वाचून बरोबर लिहिले त्याला आणि ज्याने ठोकून दिले त्याला सारखेच?" प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे आणि ते पर्यायांत आहे. तेव्हा तालिका दुरुस्त करायची, सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या आणि कारण लिहून सर्वांना कळवायचे. प्रश्नच संदिग्ध असेल, तरच तो रद्द. पुन्हा तपासून झाले. चौघांचा एक गुण वाढला, बाकीच्यांचा कमी झाला, पास-नापास कोणाचे बदलले नाही. सर्वांना संदेश गेला, त्यात हरकत घेणाऱ्यांचे आभार मानले. पूर्वी एका परीक्षेत मी अशीच हरकत घेतली होती, तिचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

२१ सप्टेंबर

सोमवारच्या टेबलाचे गुणदान तिघांनी स्वतंत्रपणे केले होते. बहुतेक ठिकाणी एक-दोन गुणांचा फरक. एका उत्तरावर मात्र १० पैकी २, ५ आणि ८! उमेदवाराने रजेचा अर्ज दुसऱ्या क्रमांकावर घेतला होता. त्याचे शब्द : "हवालदाराची आई दवाखान्यात आहे. त्याचे लक्ष कामात राहणार नाही. साहेबांना फोन करून रजेची शिफारस करतो. आरोपी न्यायालयात नेण्याचे त्याचे काम दुसऱ्या अंमलदाराकडे देतो, कागद मी स्वतः तपासतो." दोन गुण देणाऱ्याचे म्हणणे, मृतदेह सोडून रजा काय घेऊन बसला. आठ देणाऱ्याचे म्हणणे, विहिरीवर माणूस त्याने आधीच पाठवला आहे, आणि रजेचा निर्णय दोन मिनिटांचा असून आरोपीचे घड्याळ त्यावरच अवलंबून आहे.

मी स्वतः दोन देणारा होतो. पुन्हा वाचल्यावर मला माझे चुकलेले दिसले. मी क्रमांक वाचला, कारण वाचले नाही. आता गुणांची पट्टी लिहून काढली आहे : क्रमाला ३, कारणाला ३, माणसांच्या वाटपाला ३, कोणाला कळवले त्याला १. प्रत्येक पायरीला खऱ्या उत्तरपत्रिकेतला नमुना जोडला. तिघांत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर चौथा तपासनीस.

तोंडी परीक्षेला किती गुण, हा विषय निघाला. सरांनी न्यू हेवन शहराच्या अग्निशमन दलाचा खटला सांगितला. २००३ साली ११८ जणांनी पदोन्नतीची परीक्षा दिली. लेखी ६०, तोंडी ४० हे प्रमाण कामगार संघटनेच्या करारातून आले होते. निकालात वंशानुसार मोठी तफावत दिसली तेव्हा शहराने निकालच बाजूला ठेवला. अभ्यास करून पास झालेले न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. आम्ही यातून एवढेच घेतले : टक्के आधी कामाकडे पाहून ठरवायचे आणि तफावत चाचणीतच शोधायची. माणसे अभ्यास करून बसल्यानंतर नियम हलवायचे नाहीत. तोंडी परीक्षा आम्ही १० गुणांपुरती ठेवली. तिघांपुढे, सगळ्यांना तेच चार प्रश्न, गुण देऊन झाल्यावरच आपसांत बोलायचे. गावाची, जातीची, "कोणत्या साहेबांच्या हाताखाली होतात" याची चौकशी नाही.

चोपड्याच्या ताईने एक सुचवले ते लगेच मान्य केले. संचातल्या सगळ्या प्रसंगांत अधिकारी पुरुष आणि महिला म्हटली की फिर्यादी किंवा मयत. पाच प्रसंगांत आता उपनिरीक्षक महिला आहे.

५ ऑक्टोबर

तिसरी चाचणी २३ नोव्हेंबरला. नोटीस आजच काढली, म्हणजे ४९ दिवस हातात. त्यात अभ्यासक्रम, दोन्ही ढिगांची यादी, सोमवारच्या टेबलाचा एक सोडवलेला नमुना आणि गुणांची पट्टी. मोबाइलवर पाठवलीच, पण रेंज नसलेल्या ठिकाणांसाठी कागदी प्रतही एसटीने आणि ओळखीच्या माणसांहाती दिली. पोच म्हणून सही आणि तारीख मागितली आहे. ज्याला २३ नोव्हेंबरच्या ३० दिवस आधी मिळाली नाही त्याच्यासाठी दुसरा संच आणि दुसरा दिवस.

संध्याकाळपर्यंत ३४ जणांची पोच आली. धडगाव तालुक्यातले तिघे राहिले आहेत. दादा म्हणाले, मंगळवारी बाजाराला त्या बाजूची माणसे येतात, मी हातात देतो आणि सही आणतो.